आत्म्याची एनओसी

माझ्या मुलीचं अमेरिकेतल्या ज्या विद्यापीठावर मन बसलं होतं, त्याची पुस्तिका बहारीनमधल्या आमच्या माहूजच्या फ्लॅटमध्ये कुरिअरने आली, तेव्हा मला ती एखाद्या साबणाची जाहिरात वाटली. तळं, तळ्याकाठी हिरवळ, हिरवळीवर पोरं, पोरांच्या मांडीवर पुस्तकं आणि एकाचंही लक्ष पुस्तकात नाही. प्रत्येक फोटोत हसणारी तीन मुलं: एक गोरं, एक काळं आणि एक आपल्या रंगाचं. आपल्या रंगाच्या पोराला मात्र दरवेळी सूक्ष्मदर्शकापाशी बसवलेलं. तळ्याकाठी लोळायची परवानगी त्याला कुठल्याच पानावर नव्हती. कागद इतका गुळगुळीत की त्यावर माशी बसली आणि घसरून खाली पडली. मी स्वतः पाहिली. बायको म्हणाली माशी आधीच मेलेली होती, पण बायकोला माझ्या गोष्टीतलं नेमकं तेवढंच खटकतं.

पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ओळख होती. खाजगी, ख्रिस्ती, लिबरल आर्ट्स विद्यापीठ. खाजगी म्हणजे काय ते शेवटच्या पानावरची फी पाहून लगेच समजलं. ख्रिस्तीही समजलं, कारण आमच्या वरच्या मजल्यावर केरळची दोन कुटुंबं राहतात आणि त्यांच्या नाताळच्या केकवर आमचा दरवर्षी हक्क असतो. अडलं ते लिबरल आर्ट्सपाशी.

"म्हणजे चित्रं काढायला शिकवणार?" मी विचारलं.

"नो बाबा. एव्हरीथिंग."

"एव्हरीथिंग म्हणजे काय काय?"

"फिलॉसॉफी, बायॉलॉजी, म्युझिक, हिस्टरी. सगळं थोडं थोडं. पहिली दोन वर्षं काय व्हायचंय ते डिसाइडच करायचं नाही."

"आणि मग?"

"मग डिसाइड करायचं. ऑर नॉट."

हे ऐकून माझ्या हातातला चहा एसीशिवाय गार झाला. मी ज्या मुलखात बावीस वर्षं काढली तिथे माणूस विमानातून उतरायच्या आधी तो काय आहे ते ठरलेलं असतं. व्हिसावर छापलेलं असतं. मी आलो तेव्हा माझ्या व्हिसावर 'मेसन' होतं. गवंडी. मी आयुष्यात एक वीट दुसऱ्या विटेवर ठेवलेली नव्हती, मी एसी दुरुस्त करणारा, पण कंपनीकडे तेव्हा गवंड्यांचेच व्हिसे शिल्लक होते. मग गवंडी म्हणून मी एसी लावले, नळ बसवले, वायरिंग केलं, साहेबाची गाडी चालवली आणि पठाण फोरमन आणि मलबारी स्टोअरकीपर यांच्या भांडणात दुभाष्याचं कामही केलं. पुढे बायकोला आणायचं ठरलं तेव्हा एका दुपारी मी 'सुपरवायझर' झालो. सकाळी जो होतो तोच होतो, फक्त कागद बदलला. आणि आता माझीच मुलगी मला सांगत होती की पैसे देऊन दोन वर्षं काहीच नसण्याची सोय असलेली एक जागा जगात आहे.

पुस्तिका मी पुरती वाचली. हे विद्यापीठ म्हणे उत्तरेकडच्या थंड देशांतून आलेल्या शेतकऱ्यांनी काढलेलं, मक्याच्या शेतात. गावची वस्ती आमच्या बिल्डिंगपेक्षा दोन माणसांनी जास्त असावी, आणि ते दोघे बहुधा पोलीस. दारूला बंदी. खारींना पूर्ण मुभा. प्राध्यापक विद्यार्थ्यांना घरी बोलावून सूप पाजतात. पदवी घेण्याआधी पोहण्याची परीक्षा द्यावी लागते, जरी समुद्र तिथून गाडीने तीन दिवसांवर असला तरी. बायबलचे दोन पेपर सगळ्यांना, मग तुम्ही कुठल्याही देवाचे असा. आणि आठवड्यातून दोनदा चॅपलमध्ये प्रार्थनेला हजेरी. तीही नुसती नव्हे, दाराशी कार्ड पंच करून. हजेरी कमी भरली तर घरी पत्र. देवाच्या दारात पंचिंग मशीन आहे हे वाचलं आणि त्या संस्थेबद्दल मला पहिल्यांदा आदर वाटला. एकूण काय, चार वर्षं आपण कंपनीत असतो तसंच, फक्त ओव्हरटाइम नाही.

"थंडी किती असते गो तिकडे?" बायकोने विचारलं.

"मायनस थर्टी."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी मी घामाने भिजलो, जी मी बहारीनच्या घराघरात वाटत फिरलो, ती तिकडे देव फुकट देतो, हे तिच्या नजरेत होतं. माझ्या हातचा गारवा साधा नाही हेही इथे सांगून ठेवतो. मुहर्रकला एका जुन्या घरात मी असा एसी बसवला होता की मालकाच्या ससाण्याला सर्दी झाली आणि तो आठ दिवस शिकारीला जाईना. पण मायनस तीस मला कधी जमलेलं नाही.

तर अशी ती जागा. आणि मुलीला तीच हवी होती. दुसरी कुठलीही नाही. तिने तिथे निबंध पाठवला होता. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की मी हिंदू आहे, हिंदूच राहीन, पण तुमच्याकडे ज्या प्रश्नांवर बोलतात ते मला ऐकायचे आहेत. त्यांनी कळवलं, छान, जरूर या. फीमध्ये मोठी सवलतही द्यायला तयार झाले. ती सवलत नसती तर तळं, हिरवळ आणि खारी आम्ही पुस्तिकेतच पाहिल्या असत्या. अडकलं होतं एका पत्रावर. अर्जदाराचं आध्यात्मिक जीवन जवळून पाहिलेल्या, घराबाहेरच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने लिहिलेलं पत्र. शिक्षक चालणार नाहीत. चर्चचे पाळक असतील तर उत्तम, नसतील तर कोणीही. पत्र लिहिणाऱ्याने परस्पर पाठवायचं, मुलीने ते वाचायचं नाही. महिनाअखेरपर्यंत आलं तर सीट आणि सवलत, नाही आलं तर अर्ज बाद.

"बुवांना सांगते," मुलगी म्हणाली.

बुवा म्हणजे आमच्या भजनाचे बुवा. दर शुक्रवारी सकाळी आम्ही पंधरा-वीस कोकणी माणसं एकाच्या हॉलमध्ये जमतो आणि खालच्या मजल्यावरचा सुदानी भाडेकरू जागा होईपर्यंत भजन करतो. बुवा सित्र्यात क्रेन ऑपरेटर आहेत. कंपनीच्या बसने येतात. आठवडाभर आभाळाच्या जवळ असतात आणि शुक्रवारी जमिनीवर येऊन देवाला हाक मारतात. आमचा जुना पेटीवाला बदली होऊन सौदीला गेला त्या दिवसापासून पेटी माझ्या मुलीकडे आहे. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. हॉलमधल्या सगळ्यांना ती इंग्रजीत उत्तरं देते आणि मराठीत पेटी वाजवते.

बुवांना ईमेल नाही. बुवांना इंग्रजीही नाही. बुवांनी मला पत्र लिहून दिलं, मराठीत, क्रेनच्या मेन्टेनन्स शीटच्या पाठीमागे, बॉलपेनने. मी ते एकदा वाचलं. चांगलं वाटलं, पण चांगलं वाटणाऱ्या कागदावर या देशात माझं एकही काम झालेलं नाही. म्हणून मी ते घेऊन भाईंकडे गेलो.

भाई आमच्या खाडीपलीकडच्या गावचे. मनामात टायपिंग सेंटरमध्ये बसतात. त्यांनी टाइप केलेल्या अर्जांवर अर्धा बहारीन इथे आला आणि उरलेला अर्धा परत गेला, असं म्हटलं तर भाई विनयाने अर्धा हा आकडा दुरुस्त करतात, वरच्या बाजूला. मला ते नावाने कधी हाक मारत नाहीत, मीही त्यांना मारत नाही. ते म्हणतात गाववाले, मी म्हणतो भाई.

भाईंनी बुवांचा कागद चष्मा वर करून वाचला, मग चष्मा खाली करून वाचला.

"गाववाले, हे काय हाय?"

"पत्र. युनिव्हर्सिटीला द्यायचं."

"ह्याच्यात 'टू हूम इट मे कन्सर्न' कुठंय? तारीख कुठंय? रेफरन्स नंबर कुठंय? हे तर गजाली झाल्या."

"तिकडे असंच मागतात म्हणे. मनापासून लिहिलेलं."

"मनापासून," भाई म्हणाले, आणि त्यांनी तो शब्द नाकातून बाहेर काढला. "पोरगी कुठनं कुठं चाललीय? एका मंडळीकडनं दुसऱ्या मंडळीकडं. बरोबर? आजपर्यंत तिचं धार्मिक कोण बघत होता? बुवा. आता कोण बघणार? युनिव्हर्सिटी. म्हणजे ही काय केस झाली?"

उत्तर मला येत होतं. इथे कोणालाही येतं.

"ट्रान्सफर," भाई म्हणाले. "आणि ट्रान्सफरला काय लागतं?"

"एनओसी."

"मग. यल्ला, चला, बसा."

इथे बाहेरच्या वाचकाला एक सांगायला हवं. एनओसी म्हणजे हरकत नसल्याचं पत्र. आखातात माणूस श्वास घेतो तो कंपनीच्या जोरावर, पण हलतो तो एनओसीवर. लायसन्सला एनओसी, बायकोला आणायला एनओसी, एक नोकरी सोडून दुसरी धरायची तर जुन्या मालकाची एनओसी. आमच्या कंपनीतला एक जण झोपेत हरकत नाही, हरकत नाही असं बडबडायचा, आणि त्याच्या खोलीतले लोक सकाळी त्याच्याकडून त्यावर सही मागायचे. तेव्हा भाई जे म्हणाले ते मला वेडेपणाचं वाटलं नाही. मला ते आमच्या दोघांच्या एकूण पन्नास वर्षांच्या अनुभवाचं सार वाटलं.

भाईंनी पत्र टाइप केलं. इंग्रजीत होतं, पण त्याचा मराठी अर्थ असा: 'प्रमाणित करण्यात येते की सदर मुलगी गेली सात वर्षे आमच्या आध्यात्मिक देखरेखीखाली होती. या काळात तिची वर्तणूक समाधानकारक होती. आमचे कोणतेही सामान तिच्या ताब्यात नाही. तिला आपल्या संस्थेच्या देखरेखीखाली जाण्यास आमची कोणतीही हरकत नाही. हे पत्र तिच्या विनंतीवरून देण्यात येत आहे.'

सामानाच्या वाक्यापाशी मी जरा अडखळलो, कारण पेटी आमच्याच घरी असते. भाई म्हणाले, पेटी आणून टाका हॉलमध्ये, वाक्य खरं होईल.

मग शिक्के. शिक्का नसलेला कागद भाई जेवणाखाली अंथरतात. भजनाला शिक्का नव्हता. तो मी सूकमधून, म्हणजे इथल्या बाजारातून बनवून आणला, गोल, मध्ये गणपती, कडेने इंग्रजीत भजन ग्रुप, आध्यात्मिक विभाग. विभाग एकच होता, पण तसं लिहिलं की बाकीचेही असावेत असं वाटतं. त्यानंतर पाठीमागे अरबी भाषांतर आणि भाषांतरकाराचा शिक्का, कारण भाईंच्या मते एका भाषेतला कागद म्हणजे एका पायात चप्पल घालून लग्नाला जाणं. मग टायपिंग सेंटरचा खरी प्रत असल्याचा शिक्का. आणि आमच्या कंपनीचा, एअर कंडिशनिंग अँड रेफ्रिजरेशन, कारण स्टोअरकीपर वाटेत भेटला आणि त्याच्या खिशात होता. एवढं झाल्यावर पत्रात अक्षरं दिसत होती ती केवळ नशिबाने. बुवांनी शुक्रवारी सही केली, खाली स्वतःच्या हाताने 'क्रेन ऑपरेटर' असं लिहिलं, आणि भाईंनी ते स्कॅन करून रवाना केलं.

"खलास," भाई म्हणाले. "आता सीट कुठं जात नाय."

दहा दिवसांनी उत्तर आलं. मुलीला. अत्यंत सभ्य भाषेत. आमचा कंपनी मॅनेजर माणसाला काढून टाकतानाही इतका सभ्य नसतो. त्यात म्हटलं होतं की तुमच्या निबंधात तुम्ही स्वतःच्या धर्मात राहणार असं लिहिलं आहे, परंतु तुमच्या धार्मिक मंडळाने तुम्हाला औपचारिकरीत्या मुक्त करून आमच्या स्वाधीन केल्याचं पत्र आम्हाला मिळालं आहे. आमचं विद्यापीठ ख्रिस्ती असलं तरी आम्ही सवलतीच्या बदल्यात कोणाचा धर्म घेत नाही, आणि तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का याची आम्हाला काळजी वाटते. तुमच्याशी आणि तुमच्या कुटुंबाशी बोलल्याशिवाय अर्ज पुढे जाऊ शकणार नाही.

मुलीने मला विचारलं, काय पाठवलंत. मी माझ्याकडची प्रत दिली. तिने ती वाचली. उलटून अरबी बाजू पाहिली. पुन्हा सुलटी केली. गणपतीकडे बराच वेळ पाहिलं.

"बाबा, यू ट्रान्सफर्ड मी," ती म्हणाली. "लाइक अ फोर्कलिफ्ट."

त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. इंग्रजीत उत्तरं देणारी मुलगी आता कुठल्याच भाषेत देईना. मधे बायको दुभाषा. "तिला विचार जेवणार का." "ती म्हणतेय भूक नाही." "तिला सांग पापलेट आहे." "ती म्हणतेय पापलेटची एनओसी आहे का." शुक्रवारी ती भजनाला आली नाही. पेटी तशीही हॉलमध्येच होती, मी वाक्य खरं करून ठेवलं होतं. पेटीशिवाय भजन झालं, म्हणजे आम्ही ओरडलो आणि सुदानी भाडेकरू वेळेच्या आधी जागा झाला. बुवांनी विचारलं पोरगी कुठंय. मी म्हटलं अभ्यास आहे. बुवांच्या तोंडावर खोटं बोलायचं म्हणजे तीस मीटर उंचीवरून पाहणाऱ्या माणसाशी खोटं बोलणं.

मुलाखत व्हिडिओवर होती, त्यांच्या सकाळी आणि आमच्या संध्याकाळी सहाला. मी लग्नातला कोट काढला. कोटाचं आणि माझं बटणांपाशी पटत नव्हतं, पण कॅमेरा छातीपर्यंतच असतो हे कळल्यावर दोघांनी तडजोड केली. भाईंना कोणी बोलावलं नव्हतं. भाई काखेत फाइल घेऊन साडेपाचला हजर झाले आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने बसायच्या खोलीतल्या फ्रीजच्या कडेला स्टुलावर बसले.

"तुम्ही कशाला?" बायको म्हणाली.

"कागद माझा, वहिनी. केस माझी," भाई म्हणाले.

पलीकडे एक वयस्कर बाई होत्या. पांढरे केस, विणलेला स्वेटर, मागे खिडकी आणि खिडकीत बर्फ. पुस्तिकेतली हिरवळ बर्फाखाली गेली होती आणि हसणारी पोरंही बहुधा तिथेच. आधी बाई फक्त मुलीशी बोलल्या. आम्ही तिघे स्वयंपाकघरात उभे राहिलो. बायको कोथिंबीर निवडत होती, निवडलेली पुन्हा निवडत होती. भाई इंशाल्ला म्हणायचे आणि घड्याळ पाहायचे. मग आम्हाला आत बोलावलं. भाई पुन्हा फ्रीजच्या कडेला.

बाईंनी मला हळू आणि स्वच्छ इंग्रजीत विचारलं की या पत्रात तुमच्या मुलीला कशापासून मोकळं केलं आहे.

माझं इंग्रजी कंप्रेसर आणि गॅस लीक यांच्यासाठी बनलेलं आहे. त्यात आत्मा बसवायला जागा कमी पडते. तरी मी सांगितलं. मॅडम, या देशात मी रजेवर जायचं तर पत्र लागतं. गाडी चालवायची तर पत्र. बायकोला आणायचं तर पत्र. मी आलो तेव्हा गवंडी होतो, एका कागदाने सुपरवायझर झालो. इथे आम्हाला तोंडावरून कोणी ओळखत नाही, पत्रावरून ओळखतात. मला वाटलं देवाच्या शाळेतही हाच कायदा असेल. मुलीला कोणी ढकलत नाही. तिला ढकलता येत असतं तर मी तिला इंजिनिअरिंगला ढकललं असतं.

बाई हसल्या नाहीत. पण त्यांनी लिहिणं थांबवलं.

"मग त्या गृहस्थांना तुमच्या मुलीबद्दल स्वतःला काय म्हणायचं होतं?" त्यांनी विचारलं. "त्यांच्या शब्दांत?"

मला आठवेना. म्हणजे चांगलं वाटलं होतं एवढं आठवत होतं. मी भाईंकडे पाहिलं, आणि कॅमेऱ्याने मला फ्रीजकडे पाहताना पाहिलं. भाईंनी फाइल उघडली. मेन्टेनन्स शीट सगळ्यात खाली होती, प्लास्टिकच्या पाकिटात घालून.

"टायपिंगवाला ओरिजिनल कधी फेकत नाय," ते कुजबुजले, आणि फ्रीजच्या मागून एक हात कागदासकट अमेरिकेला दिसला.

मी वाचायला घेतलं, मराठीत, कारण दुसरा उपाय नव्हता. दोन ओळींनंतर बाई म्हणाल्या की त्यांना कळत नाही, मुलीने भाषांतर केलं तर चालेल. मुलगी म्हणाली, पण नियमाने मी हे वाचायचं नाही. बाई म्हणाल्या, तू वाचू नकोस, ऐक, आणि सांग.

म्हणून मी वाचत गेलो आणि ती सांगत गेली. आठवड्यात आमचं ते पहिलं बोलणं.

बुवांनी लिहिलं होतं: 'ही मुलगी अकरा वर्षांची होती तेव्हापासून आमच्या भजनात पेटी वाजवते. पेटीवाले मी पुष्कळ पाहिले. हात बसला की पेटीवाला पुढे पळतो. ही पळत नाही. आमचा एक टाळवाला दिवसभर वेल्डिंग करतो. त्याचे हात दमलेले असतात, तो मागे पडतो. ही त्याच्यासाठी पेटी हळू करते आणि बाकीच्यांना कळू देत नाही. मला कळतं, कारण मला वरून बघायची सवय आहे.'

इथे मुलगी थांबली. मला वाटलं एखादा शब्द अडला. शब्द अडला नव्हता. तिने पाण्याचा ग्लास उचलला, प्यायली नाही, खाली ठेवला आणि मग ते वाक्य सांगितलं.

'देवावर तिचा विश्वास आहे का ते मी विचारलेलं नाही. एकदा तिनेच मला विचारलं, बुवा, तुमचा आहे का. मी म्हटलं, क्रेनवर असतो तेव्हा असतो. खाली आलो की कमी होतो. ती हसली नाही. मला एवढंच माहीत आहे.'

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं, बराच वेळ. मग म्हणाल्या की आम्हाला हवं होतं ते पत्र हेच. खिडकीतला बर्फ आणि त्या, दोन्ही पडद्यावरून गेले.

"बघा गाववाले," भाई स्टुलावरून उठत म्हणाले. "शिक्के होते म्हणून बोलावलं तरी. नुसतं हे पत्र गेलं असतं तर वाचून ठेवून दिलं असतं बाजूला."

त्यावर बायको त्यांना काय बोलली ते मी इथे लिहीत नाही. भाई मात्र जेवून गेले. पापलेट होतं.

सीट मिळाली. सवलतीसकट. भाई ही बातमी मनामात ज्या पद्धतीने सांगतात त्यात बुवा नाहीत, बाई नाहीत, फक्त गोल शिक्का आहे. आजकाल दोघं-तिघं त्यांच्याकडे आत्म्याच्या एनओसीची चौकशी करून गेले असं ते म्हणतात. मी अतिशयोक्ती करतो असा लोकांचा समज आहे, म्हणून भाईंचं मी तुम्हाला जसंच्या तसं सांगतोय.

मग शेवटचा फॉर्म आला, पालकांसाठी. नाव, पत्ता, सही. आणि खाली एक चौकोन: तुमच्या पाल्याने आमच्याकडे येण्याबाबत तुमच्या काही शंका, काळज्या किंवा हरकती असल्यास येथे लिहा. त्याखाली पाच ओळी. कोऱ्या.

मी भाईंना फोन केला. "भाई, हरकत असल्याचा फॉरमॅट काय असतो?"

पलीकडे टायपिंग चालू होतं. ते थांबलं.

"तसला फॉरमॅट माझ्याकडं नाय, गाववाले," ते म्हणाले. "आजपावेतो कोणी मागितलाच नाय."

तेव्हा मी मुलीला लॅपटॉप घेऊन बसायला सांगितलं. मी मराठीत बोलणार, तिने इंग्रजीत टाइप करायचं. तिने मोठा सुस्कारा सोडला, पण बसली. मी सुरुवात केली. थंडीला माझी हरकत आहे, कारण मायनस तीसला कुठलंच मशीन नीट चालत नाही आणि माझी मुलगी तर मशीनही नाही. सूपला हरकत आहे, त्यात मासे नसतात. तळ्याला हरकत आहे, ते गोठतं आणि मग पोरं त्यावर चालतात हे मी पुस्तिकेत पाहिलं आहे, पान नंबर देऊ शकतो. पोहण्याच्या परीक्षेला हरकत आहे, खाडीकाठच्या बापाच्या मुलीला पाण्यात उतरून दाखव म्हणणारे हे कोण. चॅपलला हरकत नाही, पण पंचिंग मशीन बिघडलं तर तिची रजा मांडू नये. सूक्ष्मदर्शकापाशी तिला बसवायला हरकत नाही, पण मधूनमधून हिरवळीवरही बसू द्यावं.

"बाबा, पाचच लाइन्स आहेत."

"वेगळा कागद जोड."

तिने जोडला. मी पुढे सांगत गेलो. फोनची वेळ. खोलीतली दुसरी मुलगी कोण असेल ते. पेपर झाल्यावर तिला रडू येतं आणि ती बाथरूममध्ये जाऊन रडते, तेव्हा बाहेरून दार वाजवू नये. शुक्रवारी इथे पेटी कोण वाजवणार, याचं उत्तर कोणीही दिलेलं नाही.

खरं तर तिची बोटं एरवी कीबोर्डवर अशी पळतात की पाहताना मला भोवळ येते. पण त्या दिवशी मी सांगताना कितीदा थांबलो, पुन्हा सुरू केलं, तरी मी एकदाही मागे पडलो नाही. दुसरं पान भरत आलं तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की ती हळू टाइप करत होती.